स्मार्ट घर हलवताना : किल्ली कोणाच्या कनवटीला?

मराठी साहित्यव्यवहारात 'स्मार्ट होम' या विषयाची दखल घेतली गेलीच तर ती दोन प्रकारे घेतली जाते, आणि आमच्या मते दोन्ही प्रकार आळशी आहेत. पहिला स्मरणरंजनाचा. दिवा लावायला कोणी उठत नाही, दार उघडायला कोणी येत नाही, म्हणजे घराचे घरपण गेले, असे म्हणून वाडा, ओटी, माजघर आणि तुळशीवृंदावन यांच्या आठवणीने एक दीर्घ उसासा टाकला की लेख संपतो. दुसरा प्रकार तुच्छतेचा. हे श्रीमंतांचे खेळणे आहे, साहित्याच्या अभ्यासकाला त्याच्याशी काय कर्तव्य, असे म्हणून विषय झटकला जातो. पहिल्या प्रकारात घर ही निव्वळ भावना ठरते, दुसऱ्यात निव्वळ किंमत. घर ही एक व्यवस्था आहे आणि तीत कोणीतरी सत्ता चालवीत असते, ही साधी गोष्ट दोन्हीकडे निसटते. पिढ्यान्‌पिढ्या कौटुंबिक कादंबरी शिकवणाऱ्या आमच्या व्यवसायाच्या हातून ती निसटावी, याचे आम्हांला आश्चर्य वाटते.

सत्ता कोणाची, हे घर सुरळीत नांदत असताना कळत नाही. ते घर हलवताना कळते. भाऊ वेगळे होतात, जागामालक जागा मागतो, बदलीचा हुकूम येतो, तेव्हाच भांडी कोणाची, कपाट कोणाचे आणि भिंतीतला खिळा कोणाचा, हे प्रश्न उभे राहतात. 'स्मार्ट' घरालाही हीच कसोटी लावावयास हवी. आमचे म्हणणे थोडक्यात असे : जे घर सोडताना आपल्याला सोबत नेता येत नाही आणि मागून येणाऱ्याच्या हाती पूर्णपणे सोपवताही येत नाही, त्या घराचे आपण मालक नसतो. आज बाजारात विकली जाणारी बहुतेक 'स्मार्ट' घरे या कसोटीला उतरत नाहीत. तंत्राच्या मर्यादेकडे बोट दाखवून हा प्रश्न टाळता येणार नाही. घराची संहिता घरात राहणाऱ्याच्या हाती द्यावयाची नाही, असा निर्णय कोणीतरी घेतलेला आहे, आणि आमचा वाद त्या निर्णयाशी आहे.

'संहिता' हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरत आहोत. त्याचा खुलासा केला पाहिजे. अशा घराचे पाच थर असतात. पहिला थर उपकरणांचा : दिवे, प्लग, कुलूप, कॅमेरा, हालचाल टिपणारे संवेदक. दुसरा थर त्यांना जोडणाऱ्या जाळ्याचा, मग ते वायफाय असो की झिगबी. तिसरा थर या सर्वांचा कारभार पाहणाऱ्या छोट्या डबीचा, जिला 'हब' म्हणतात. चौथा थर नियमांचा : अमुक वेळ झाली, तमुक दार उघडले किंवा कोणी चालत आले, की काय घडावे. पाचवा थर खात्याचा, म्हणजे हे सर्व ज्याच्या नावे कंपनीच्या दप्तरी नोंदले आहे त्या ग्राहकाचा. पहिल्या तीन थरांतील वस्तू खोक्यात भरून टेम्पोत चढवता येतात. चौथा आणि पाचवा थर भरता येत नाही. सगळा तंटा तेथेच आहे.

चौथा थर हीच घराची संहिता. दिवा आणि कुलूप ही केवळ पात्रे झाली. कोणी केव्हा प्रवेश करावा आणि काय करावे, हे नियमांत लिहिलेले असते. काही कंपन्या एकत्र बांधलेल्या अशा सूचनांना 'सीन' म्हणतात, हा योगायोग नाट्यवाङ्मयाच्या विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल. ही संहिता कोणी लेखक लिहीत नाही, ती घरातली माणसे हळूहळू लिहितात. पहाटेच्या पाण्याची वेळ, आजोबांची औषधे, मुलीची शिकवणी, रात्रपाळीहून येणारा मुलगा, या सर्वांचे बारीकसारीक ज्ञान त्यात साठत जाते. असे ज्ञान पूर्वी घरातल्या बाईच्या डोक्यात असे; तिच्यासोबत ते नव्या बिऱ्हाडी जाई. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण हिणवण्यासाठी वापरली जाते खरी, परंतु विंचवाला निदान आपले बिऱ्हाड उचलता येते.

आमच्या परिचयातील एका प्राध्यापक बाईंनी मध्यंतरी कोथरूडमधील भाड्याची जागा सोडून बाणेरला स्वतःचा फ्लॅट घेतला. सोबत ऐंशी ओलांडलेल्या आई. तीन वर्षांत बाईंनी जुन्या घरात आईच्या सोयीने तीसेक नियम रचले होते. रात्री आईचे पाऊल पलंगाखाली पडले की बोळातला दिवा मंद उजळावा आणि पाच मिनिटांनी विझावा. पहाटे गिझर सुरू व्हावा आणि अर्ध्या तासाने न विसरता बंद व्हावा. सकाळी नऊपर्यंत स्वयंपाकघरात कोणाचीच हालचाल झाली नाही तर बाईंच्या भ्रमणध्वनीवर निरोप यावा. हा शेवटचा नियम होता म्हणून त्या निर्धास्तपणे पहिल्या तासाला वर्गावर जाऊ शकत. नव्या घरी सगळी खोकी सुखरूप पोचली. नियम मात्र पोचले नाहीत. नवा हब घ्यावा लागला होता, आणि जुन्यावरचे नियम नव्यावर नेण्याची सोय नाही, ते 'पुन्हा बनवून घ्या', असे कंपनीच्या मदतकेंद्रातून नम्रपणे सांगण्यात आले. बाईंनी नियमांची यादी मागितली. तीही मिळत नव्हती. एकेक नियम उघडून पडद्यावरून वहीत उतरवून घेणे एवढाच मार्ग होता. ते होईपर्यंतचे आठ-दहा दिवस आई अनोळखी भिंती चाचपत रात्री उठत राहिली.

आता याच कथेची दुसरी बाजू. जुन्या जागेच्या दाराला बाईंनी जागामालकाच्या संमतीने इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवले होते. दाराला भोके पडलेली. म्हणून ते तेथेच ठेवावे आणि त्याची किंमत अनामत परत करताना जमेस धरावी, असे ठरले. तसे झालेही. पुढचे भाडेकरू आले. आणि मग महिनाभर, बाईंच्या इच्छेविरुद्ध, त्यांच्या भ्रमणध्वनीवर परक्या संसाराची बातमी येत राहिली : दार उघडले, रात्री अकरा चाळीस, दार बंद झाले, सकाळी सहा दहा. मनात आणले असते तर स्टाफरूममध्ये बसून त्या ते दार उघडू शकल्या असत्या. कुलूप खात्यातून काढून टाकले तर नव्या माणसांना ते पुन्हा जोडता येईल की दार कायमचे अडेल, याचे खात्रीलायक उत्तर कोणी देईना. किल्ली द्यावयाची म्हटली तरी देता येत नव्हती, कारण देण्याजोगी किल्ली अस्तित्वातच नव्हती. होते ते एक खाते. नेता येत नाही आणि देताही येत नाही, असे आम्ही वर म्हटले ते याच अर्थाने.

पहिल्या बाजूचा विचार आधी करू. घर हलवताना नियम जसेच्या तसे उचलून नेले म्हणजे काम भागते असा आमचा भाबडा समज नाही. येथे साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीची वाट लागते. नवे घर म्हणजे नवी भाषा आहे. 'सूर्यास्ताला दिवाणखान्यातला दिवा लाव' हा नियम पहिल्या मजल्यावरच्या, शेजारच्या इमारतीने झाकोळलेल्या घरात एक अर्थ देतो; अकराव्या मजल्यावरच्या पश्चिममुखी घरात तोच नियम लख्ख उजेडात दिवा लावून विनोदी ठरतो. जुन्या घरात १० अँपिअरचा प्लग २००० वॉटच्या गिझरला जेमतेम पुरत होता, कारण तो गिझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. नव्या घरातला ३००० वॉटचा गिझर १३ अँपिअर मागतो आणि तो प्लग तेथे धोक्याचा ठरतो. झिगबीच्या जाळ्यात विजेवर चालणारी उपकरणे निरोप पुढे पोचवतात, बॅटरीवर चालणारी सहसा पोचवत नाहीत. त्यामुळे जाड भिंतींच्या नव्या घरात कोणता दिवा कोठे आहे यावर टोकाच्या खोलीतील संवेदक बोलणार की मुका राहणार हे ठरते. इन्व्हर्टरवर कोणती बटणे आहेत आणि राऊटर त्यांत आहे की नाही, हाही प्रश्न प्रत्येक घरात नव्याने सोडवावा लागतो.

म्हणजे हे काम शब्दशः भाषांतराचे नसून रूपांतराचे आहे. आणि रूपांतराची मराठीला मोठी परंपरा आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' केले ते १८८३ साली. देवलांचा 'झुंझारराव' १८९० चा, 'ऑथेल्लो'वरून. पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' १९७५ मध्ये रंगभूमीवर आली तेव्हा शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील लंडनची फुलवाली मराठी बोलीतील मंजुळा होऊन उभी राहिली. इंग्रजी उच्चारांतील वर्गभेद मराठीत आणावयाचा तर काय सोडावे, काय राखावे आणि काय नव्याने घडवावे, याचा निर्णय रूपांतरकाराने घेतला. तो त्याला घेता आला, कारण शॉची संहिता त्याच्या पुढ्यात होती. नाटक पाहून या, घरी जाऊन आठवेल तसे लिहा, मूळ पुस्तक आम्ही देणार नाही, असे कोणी म्हटले असते तर? आज घर बदलणाऱ्या माणसाला नेमके हेच सांगितले जाते. त्याहून विपरीत असे की, येथे मूळ संहितेचा लेखक तोच असतो. स्वतः लिहिलेले त्याला परत मिळत नाही.

यावर उत्तर दिले जाते की, ते सर्व 'क्लाउड'वर सुरक्षित आहे. आपल्या घराचा कारभार ढगात आहे असे सांगितल्यावर ज्या समाजाला शंका येत नाही, त्याच्या भाषाज्ञानाची आम्हांला काळजी वाटते. ढग म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे संगणक. ते केव्हा बंद करावयाचे हे तो दुसरा ठरवतो. 'रिव्हॉल्व्ह' या अमेरिकी हबचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सुमारे ३०० डॉलर मोजून आणि आजीवन सेवेच्या वचनावर लोकांनी तो घेतला. २०१४ मध्ये नेस्टने ती कंपनी विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी सेवा थांबवली. त्या दिवसानंतर डबी शाबूत होती, उपयोग शून्य. लोज या कंपनीची 'आयरिस' व्यवस्था ३१ मार्च २०१९ रोजी बंद झाली. त्या कंपनीने निदान ग्राहकांना भरपाई देऊ केली आणि आपली प्रणाली सर्वांसाठी खुली केली. एप्रिल २०२२ मध्ये 'इन्स्टिऑन'ची सेवा पूर्वसूचनेवाचून बंद पडली. पुढे काही ग्राहकांनीच मिळून तिची मालमत्ता विकत घेऊन ती पुन्हा चालू केली. बेल्किनने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले की, 'वीमो' मालिकेतील बहुतेक उपकरणांची क्लाउड सेवा ३१ जानेवारी २०२६ रोजी संपेल.

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे आपले पूर्वज म्हणत. येथे क्रम उलटा झाला आहे. घर जागच्या जागी, माणसे त्याच घरात, आणि वासे मात्र परस्पर फिरतात. आपण न हलताही आपले घर हलवले जाऊ शकते, असा या चार उदाहरणांचा अर्थ आहे. ज्याला स्थलांतराच्या वेळी आपली संहिता मिळत नाही, त्याला अशा प्रसंगीही ती मिळणार नाही. म्हणून घर बदलण्याचा प्रश्न हा केवळ घर बदलणाऱ्यांचा प्रश्न नव्हे.

आता देण्याची बाजू. आमचे काही मित्र म्हणतात की, तंत्रज्ञान नवे आहे, कायदा मागे पडणारच. वास्तविक या बाबतीत जुना कायदा आश्चर्यकारकपणे स्पष्ट आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या आठव्या कलमात, हस्तांतरित होणारी मालमत्ता घर असेल तर त्यासोबत काय काय जाते याची गणना आहे. वेगळे काही ठरले नसेल तर कुलपे, किल्ल्या, दारे, खिडक्या आणि घराच्या कायम वापरासाठी असलेल्या इतर वस्तू घराबरोबर जातात. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेकाराला हे कळले होते की, किल्लीवाचून दिलेले घर हे दिलेले घर नव्हेच. याच कायद्याच्या १०८ व्या कलमात दुसरी बाजू आहे : भाडेपट्टेदाराने स्वतः जोडलेल्या वस्तू, जागा ताब्यात असेपर्यंत, तो काढून नेऊ शकतो, मात्र जागा मिळाली त्या स्थितीत परत केली पाहिजे. नेण्याचा हक्क आणि सोडण्याचे कर्तव्य, दोन्ही येथे एकत्र नांदतात. पाटावरच्या किल्लीला लागू असलेले तत्त्व खात्यातल्या किल्लीला लागू होऊ नये, याला कोणताही तात्त्विक आधार नाही. अडचण एवढीच की, पितळी किल्ली विकणाऱ्याच्या हातून सुटते आणि ही सुटत नाही.

भाड्याच्या जागेत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणारी अनेक बिऱ्हाडे अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहतात. असा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे ५५ वे कलम सांगते. कराराच्या शेवटी परिशिष्ट जोडण्याची पद्धत आहे : पंखे तीन, ट्यूबलाइट चार, गिझर एक. आम्ही पाहिलेल्या एकाही परिशिष्टात कुलपाचे खाते, कॅमेऱ्याचा धनी किंवा बटणामागे दडवलेले यंत्र यांचा उल्लेख नाही. नळाच्या तोटीची नोंद होते, आणि घरात कोण केव्हा आले-गेले हे सांगणाऱ्या यंत्राची होत नाही. मालकाचे यंत्र भाडेकरूवर नजर ठेवते की भाडेकरूचे यंत्र मालकाच्या दारावर, हे केवळ योगायोगावर सोडलेले आहे.

या सत्तेचा आणखी एक पदर आहे आणि तो आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा. घर बदलण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत व्यापक अनुभव आपल्याकडे स्त्रीचा आहे. लग्न होऊन ती घर बदलते; कधी ते घर सोडून बाहेर पडते. 'स्मार्ट' घरात सामान्यतः एक माणूस मुख्य धनी म्हणून नोंदला जातो. आमच्या पाहण्यात तो बहुतेक वेळा नवरा किंवा मुलगा असतो, इतर सर्व त्याच्या आमंत्रणाने आत आलेले. त्याने एक बोट हलवले की त्यांचा प्रवेश रद्द. जून २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतील कौटुंबिक छळाच्या प्रकरणांत अशा दिव्यांचा, कुलपांचा आणि तापमान-नियंत्रकांचा कसा वापर होतो यावर सविस्तर वृत्तांत दिला होता. घराबाहेर गेलेला पुरुष घरातील स्त्रीला दूरवरून छळू शकतो, हे त्यात पुढे आले. आपल्याकडे तसे होत नसेल असे मानण्याला आमच्याकडे कारण नाही. किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेला की सुनेच्या, यावर मराठी कथा-कादंबऱ्यांत पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. तो जुडगा आज एका पासवर्डात जाऊन बसला आहे, आणि आमची समीक्षा अजून ओटीवर उसासे टाकीत आहे.

विरोधी पक्षाचे तीन आक्षेप विचारात घेतो. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. उपकरण खात्याला जखडलेले असते म्हणून चोराला त्याचा उपयोग होत नाही, असे सांगतात. हे खरे आहे. पण मोटारसायकलही एका नावाला जखडलेली असते, आणि नमुना २९ व ३० भरून ती दुसऱ्याच्या नावे करता येते. विजेचे मीटर, गॅसची जोडणी, सोसायटीचे भागपत्र, सर्वांना हस्तांतराची रीत आहे. कंटाळवाणी असेल, पण आहे. जखडण्याचे समर्थन करणाऱ्याने सोडवण्याची रीतही दिली पाहिजे. ती न देता सुरक्षिततेचे नाव घेणे हा कांगावा आहे.

दुसरा आक्षेप असा की, नवे मानक आले आहे, आता सगळे सुरळीत होईल. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर' या समाईक मानकाची पहिली आवृत्ती आली. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी घरातल्या घरात बोलू शकतात आणि एकच उपकरण एकाहून अधिक कारभाऱ्यांना जोडता येते, हा त्याचा मोठा लाभ आहे आणि आम्ही त्याचे स्वागत करतो. तथापि हे मानक पात्रांना समान भाषा देते; आपण लिहिलेली संहिता एका कारभाऱ्याकडून दुसऱ्याकडे नेऊन देणे हे त्याचे काम नव्हे. सर्व नट मराठी बोलू लागले म्हणून नाटक हाती येत नाही.

तिसरा आक्षेप असा की, आम्ही प्रत्येक गृहस्थाला अभियंता व्हायला सांगत आहोत. मुळीच नाही. संहिता हाती ठेवणाऱ्या व्यवस्था आज अस्तित्वात आहेत. 'होम असिस्टंट' ही पाउलस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली खुली प्रणाली आहे. ती आपल्याच घरातील संगणकावर चालते, तिच्यातील नियम साध्या मजकुराच्या रूपात वाचता येतात आणि संपूर्ण घराची प्रत काढून नव्या यंत्रावर उतरवता येते. ती वापरायला काहीशी अवघड आहे, हे आम्ही नाकारत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे : जी गोष्ट विनामूल्य प्रणाली देऊ शकते, ती पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या व्यवस्थेत 'शक्य नाही', हे म्हणणे टिकत नाही. शिवाय हौस नसलेल्यांनी दूर राहावे, हा सल्लाही आता पुरेसा नाही. नव्या इमारतींत अशी कुलपे आणि बटणे फ्लॅटबरोबरच बसवून मिळतात. परदेशी असलेली मुले आई-वडिलांसाठी ती बसवून जातात. निवड करण्याची संधीच अनेकांना मिळत नाही.

कायद्याकडून अपेक्षा करावी तर तेथेही माघार आहे. स्वतःची माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळवून दुसरीकडे नेण्याचा हक्क युरोपीय संघाच्या नियमावलीने मे २०१८ पासून दिला. घरातील जोडलेल्या उपकरणांच्या वापरातून निर्माण होणारी माहिती वापरकर्त्याला मिळावी असे सांगणारा तेथील नवा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. आपल्याकडे २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात असा नेण्याचा हक्क लिहिलेला होता. २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात माहिती दुरुस्त करण्याचा आणि पुसून टाकण्याचा हक्क आहे. नेण्याचा हक्क गळालेला आहे. म्हणजे नागरिकाला आपले लिखाण जाळता येईल, सोबत नेता येणार नाही. हस्तलिखितांच्या जतनावर परिसंवाद भरवणाऱ्या मंडळींनी यावर एक शब्दही काढू नये, ही आम्हांला खंत वाटते.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट अगदी जुनी आहे : घराची वही. कोणते उपकरण कोठे आहे, कोणत्या खात्यावर आहे, कोणता नियम कशासाठी केला, हे मराठीत, हाताने, घरातल्या सर्वांना कळेल असे लिहून ठेवावे. 'कशासाठी' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. रूपांतर त्याच्याच बळावर होते. दुसरी गोष्ट, खरेदीपूर्वी दोनच प्रश्न विचारावेत : इंटरनेट बंद असताना हे चालेल काय, आणि नियमांची प्रत मिळेल काय. दोन्ही उत्तरे नकारार्थी असतील तर ती वस्तू आपण विकत घेत नाही, भाड्याने घेतो, हे ओळखून किंमत ठरवावी. तिसरी गोष्ट, भिंतीवरचे साधे बटण कधीही काढू नये. पाहुण्याला आणि आजीला ॲप उघडायला लावणारे घर असंस्कृत आहे. चौथी गोष्ट, जागा सोडताना प्रत्येक मागे राहणारे उपकरण खात्यातून काढून, मूळ स्थितीत आणून, नव्या माणसाने ते आपल्या नावे जोडल्यावरच ताबा दिला-घेतला असे मानावे आणि तसे कराराच्या परिशिष्टात लिहावे. पाचवी गोष्ट, कुलपाचे किमान दोन समान धनी असावेत आणि त्यांतील एक घरातील स्त्री असावी. नव्या घरी गेल्यावर जुने वायफायचे नाव आणि पासवर्ड तेच ठेवले तर बरीच उपकरणे आपोआप जोडली जातात, हे खरे. पण नियम लिहिण्याची घाई करू नये. काही आठवडे त्या घरात नुसते राहावे, ऊन कोठून येते आणि पाऊल कोठे अडखळते ते पाहावे, मग लिहावे.

ही व्यक्तीने करावयाची कामे झाली. आमच्या व्यवसायाचेही एक काम उरते. संहितेची प्रत कोणाकडे आहे, पाठभेद कोणी केला, रूपांतर करण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न आम्ही वर्गात आयुष्यभर विचारतो. तेच प्रश्न घराविषयी विचारावयाचे आहेत. घराच्या परिशिष्टाची भाषा कशी असावी, 'खाते' आणि 'किल्ली' यांचा कायदेशीर अर्थ मराठीत कसा मांडावा, हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. ते दलालाच्या छापील मसुद्यावर सोडून आपण पुन्हा वाड्याच्या आठवणींकडे वळणार असू, तर आपल्याला घराविषयी आस्था आहे असे म्हणण्याचा हक्क आपण गमावू. नव्या घरात दिवा आपोआप लागला तरी आमचे काही बिघडत नाही. तो कोणाच्या शब्दावर लागतो, आणि तो शब्द घर सोडताना आपल्यासोबत येतो की नाही, एवढेच आम्ही विचारत आहोत.